डब्यात अडकलेली माशी

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी बडोद्याला बाबाजीपुऱ्यात राहतो, अकरावीत आहे. दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून बाबांनी इलेक्ट्रिक गिटार आणि दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प घेऊन दिला. गिटारवर तीन नॉब आणि पाच खाचांचा स्विच आहे. अ‍ॅम्पवर गेन, व्हॉल्यूम, बास, मिडल, ट्रेबल आणि एक लाल बटण. मोबाइलवर एका व्हिडिओत सांगितलं होतं तसंच लावलं : लाल बटण दाबलेलं, गेन ८, बास ७, मिडल २, ट्रेबल ८. त्याचा आवाज केवढा भारी येतो! माझा मात्र डब्यात माशी अडकल्यासारखा. आजी आतून विचारते, ‘मिक्सर चालू राहिलाय का रे?’ आणि गिटारवरचा शेवटचा नॉब कितीही फिरवला तरी काहीच होत नाही. गिटार खराब आली का? दुकानात परत द्यायला आठच दिवस उरलेत.

उत्तर : एवढ्यात परत करू नकोस. तो शेवटचा नॉब बहुतेक अगदी ठणठणीत आहे.

स्विच कुठल्या खाचेत ठेवतोस ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते, तो घोडीकडच्या टोकाला आहे. (तंबोऱ्याची असते तीच घोडी. गिटारवाले तिला ब्रिज म्हणतात, माझ्या तोंडात घोडीच बसलीये.) पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले, त्यांचं थरथरणं उचलणारे चुंबक; त्यातला कुठला बोलेल ते स्विच ठरवतो. तीन पिकअप आणि तीन नॉब ही ठेवण फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची, १९५४ सालची. तिचं जुनं वायरिंग असं : पहिला नॉब सगळ्यांचा व्हॉल्यूम, दुसरा मानेजवळच्या पिकअपचा टोन, तिसरा मधल्या पिकअपचा टोन. घोडीजवळच्या पिकअपला टोनच नाही! तिच्यावरून बेतलेल्या कितीतरी गिटारींमध्ये आजही हेच वायरिंग असतं. म्हणजे स्विच त्या टोकाला असताना दोन्ही टोन दिवसभर पिळलेस तरी पिकअपला त्याचा पत्ता लागणार नाही. स्विच बरोबर मधल्या खाचेत आण आणि मग तिसरा नॉब फिरव. आवाज उजळ-मंद झाला तर निश्चिंत हो. नाहीच झाला तर मात्र बाबांना घेऊन दुकान गाठ.

आणि त्या पाच खाचा. मूळ गिटारीला तीनच होत्या. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवून ठेवला तर शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात, आणि तो आवाज काही निराळाच गोड लागतो. कोणी काडी खुपसून, कोणी नुसत्या बोटाच्या अंदाजाने स्विच तिथे टेकवून ठेवायचे. कंपनीने पाच खाचांचा स्विच कारखान्यातून द्यायला सुरुवात केली ती १९७७ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी.

आता माशी. ती चार ठिकाणांहून आत शिरलीये.

तंबोरा घोडीजवळ कोणी छेडत नाही, तारेच्या मध्याच्या आसपास छेडतात, हे तू पाहिलं असशील. तार घोडीजवळ ताठ असते, तिथला आवाज टणक आणि पातळ. मानेकडे सरकावं तसा तो भरत जातो. पिकअपचंही तेच. जिथे बसवलाय तिथलं तारेचं थरथरणं तो उचलतो. तू सगळ्यांत पातळ जागा निवडलीस. त्यावर मिडल दोनवर आणलास, म्हणजे गिटारचा मूळ आवाज ज्या पट्टीत राहतो तीच काढून टाकलीस. त्यावर ट्रेबल आठ. आणि हे सगळं वीतभर स्पीकरमधून. त्या व्हिडिओवाल्याचा स्पीकर बहुधा बारा इंची, समोर माइक, शेजाऱ्यांची पर्वा नाही, आणि नंतर कॉम्प्युटरवर आवाजाला तीट-पावडर. त्याचे आकडे त्याच्या खोलीत खरे होते. तुझ्या खोलीत ते पाहुणे आहेत.

गेनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गोची तिथेच आहे. गेन म्हणजे आवाज मोठा करायचं बटण नव्हे. अ‍ॅम्पच्या पहिल्या पायरीवर गिटारचा सिग्नल किती रेटायचा ते गेन ठरवतो. प्रमाणाबाहेर रेटला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नव्हते ते उपसूर उगवतात. आपण म्हणतो ना, ‘आवाज फाटतो’, तेच हे; फक्त इथे मुद्दाम फाडायचा. तंबोऱ्याच्या जवारीशी याचं लांबचं नातं आहे असं मला नेहमी वाटतं. घोडीवरचा दोरा केसभर सरकला की तंबोरा बोलायला लागतो, आणखी केसभर सरकला की नुसता खणखणतो. गेनचंही असंच आहे. आठवर नेलास की हळू छेडलेली तार आणि जोरात छेडलेली तार सारख्याच मोठ्या ऐकू येतात, डाव्या हाताची बोटं तारांवर घासल्याचा आवाज वर येतो, शेजारची तार चुकून हलली तर तीही ओरडते. आपला हात कसा पडतोय हेच कळेनासं होतं. शिकताना याहून वाईट काय?

आज संध्याकाळी असं कर. आजीचा दिवा लावून, स्तोत्र म्हणून झालं की, आधी नको. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेव, तोंड तुझ्या कानांकडे. ट्रेबल स्पीकरमधून सरळ रेषेत जातो, बास चहूकडे पसरतो. अ‍ॅम्प पायाशी असला की उभ्या माणसाला ट्रेबल कमी ऐकू येतो, मग तो वाढवत सुटतो, आणि समोर बसलेल्याचे कान सोलून निघतात. खोलीचा कोपराही टाळ, दोन भिंतींच्या मध्ये बास फुगतो.

अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर. मग वायर जोडायची, मग वीज. (बंद करताना उलट. चालू अ‍ॅम्पमधून वायर उपटली की जो धप्प आवाज होतो त्याने स्पीकरचं आणि आजीचं, दोघांचं काळीज हलतं.) आता आकडे विसर आणि नॉबला घड्याळ समज : सातला शून्य, पाचला पूर्ण, बरोबर मध्यावर बारा. बास, मिडल, ट्रेबल तिघेही बारावर. लाल बटण (आवाज जास्तच फाडणारं) बाहेर. गेन साधारण नऊवर. गिटारचा स्विच मधल्या खाचेत, गिटारवरचे तिन्ही नॉब पूर्ण उघडे. ई मायनरचा साधा कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा जुडगा) धर, आणि व्हॉल्यूम दोघांच्या बोलण्याइतका होईपर्यंत वाढव.

हा आवाज तुला बेचव वाटेल. वाटू दे. आता एकेक नॉब, एका वेळी एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव आणि प्रत्येक वेळी तोच ई मायनर वाजव. बास पूर्ण : घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं. मिडल शून्य : गिटार शेजारच्या खोलीत गेली. ट्रेबल पूर्ण : पत्र्यावर खिळा. काही अ‍ॅम्पमध्ये तिन्ही एकदम शून्यावर नेले तर आवाज जवळजवळ गायबच होतो, कारण हे नॉब आवाजात भर घालत नाहीत, कमी-जास्त अडवतात. म्हणून ‘बारा’ म्हणजे काही शुद्ध, तटस्थ जागा नाही. नुसती सुरुवात करायला बरी. एक नॉब झाला की परत बारावर आणून मगच दुसरा. अर्धा तास जाईल. हा अर्धा तास माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी फार थोडे देतात, आणि मग सहा महिने मला आकडे विचारत बसतात.

शेवटी गेन. नऊवरून हळूहळू वर. हळू छेडलं तर स्वच्छ, आणि हात जोरात पडला तर कडा जराशा फाटतात, अशी एक जागा सापडेल. तिथे थांब. लाल बटण अजून महिनाभर बाहेरच राहू दे.

मिडल तुझ्या आकड्यातल्या दोनवर नेऊ नकोस असं मी सांगते ते पुस्तकातून नाही. हा धडा मला नवरात्रात मिळाला. ऐंशीच्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा गरब्याला वाजवायचा. बडोद्याचा गरबा तुला सांगायला नको : मध्ये गाणारे-वाजवणारे आणि सभोवार गोल फिरणारी माणसं. मी घरी बसून फार सुरेख आवाज लावला होता, खाली मऊ बास, वर चांदीसारखा ट्रेबल, मधलं सगळं काढलेलं. आईसुद्धा म्हणाली, ‘छान वाटतंय गं.’ मैदानावर पहिल्या रात्री ढोल सुरू झाला, खाली बास गिटार, वर मंजिरा आणि झांजा. मी जीव तोडून हाणतेय आणि माझं मलाच काही ऐकू येईना. दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाला वाकून माझ्या अ‍ॅम्पजवळ आला. ‘बेन, गिटार क्यां गयुं?’ असं म्हणून त्याने मिडल घड्याळातल्या दोनला, म्हणजे बाराच्या वर, नेऊन सोडला, बास घड्याळातल्या नऊवर उतरवला, आणि व्हॉल्यूमला हातही न लावता निघून गेला. गिटार आली. एकटी ऐकली असती तर नाकात बोलतेय असं वाटलं असतं, पण ढोल आणि झांजांच्या मधली जागा तिला मिळाली होती. खालची आणि वरची दुसऱ्यांची आधीच घेतलेली असते.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट, गॅदरिंगला वाजवशील तेव्हा उपयोगी पडेल. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून, आलेख काढून दाखवलं. म्हणून खोलीत हळू वाजवताना आपण बास चढवतो आणि ते बरोबरही वाटतं. तेच सेटिंग हॉलमध्ये मोठ्या आवाजात लावलं की बास घुमायला लागतो. तेव्हा हॉलमध्ये गेल्यावर आधी व्हॉल्यूम लाव, मग बास-ट्रेबल बघ. घरी चिठ्ठीवर लिहून नेलेलं सेटिंग तिथे खिशातच ठेव.

आता माझ्या आवडीचा नॉब : गिटारवरचा व्हॉल्यूम. नवशिके तो दहावर (इथे घड्याळ नाही, नॉबवरचे आकडे) ठेवतात आणि विसरून जातात. मी १९७६ साली शिकायला लागले ती हवाईयन गिटार, मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा तुकडा. तेव्हा घरोघरी सिनेमाची गाणी त्यावर वाजायची. आमचे सर करंगळी कायम व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवायला लावायचे. नॉब बंद, तार छेडायची, आणि छेडल्याक्षणी करंगळीने नॉब उघडत जायचं. तार छेडल्याचा ‘टण्’ ऐकूच येत नाही, सूर आतून उमलल्यासारखा येतो, गळ्यातून यावा तसा. वर्षभर माझी करंगळी दुखत होती. पण अ‍ॅम्प एकदा लावायचा आणि पुढे सगळं गिटारवरूनच करायचं, ही सवय लागली ती कायमची.

तुझ्या गिटारीवर करून बघ. गेन त्या फाटायच्या कडेला लावलेला आहे, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहा-सातवर आण : आवाज निवळतो. परत दहा : धार येते. गाण्यामागे कॉर्ड वाजवताना सहा, मधला तुकडा वाजवताना दहा, अ‍ॅम्पकडे पाहायचंसुद्धा नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये हे फार लोण्यासारखं होतं, तुझ्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये जरा खडबडीत होईल, पण होईल. नॉब खाली आणला की ट्रेबलही थोडा हरवतो. तो दोष नाही, वायरिंगचा स्वभाव आहे. फार बद्द वाटला तर अ‍ॅम्पचा ट्रेबल जरासा वर.

आणि परीक्षेला आजीला बसव. तिला पाठ असलेली एखादी चाल एका तारेवर वाजव, आधी तुझ्या माशीवाल्या सेटिंगवर, मग या. कुठली ओळखू येते ते विचार. ‘मिक्सर’ हे निदान काही वाईट नव्हतं हं; कान शाबूत आहे तिचा.

प्रश्न : मी कारेलीबागेत राहतो, वय ५२. तरुणपणी राहून गेलेली हौस आता पुरी करतोय. गिटार जोडली की अ‍ॅम्पमधून सतत ‘घूंऽऽ’ येतो. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की पुन्हा. कुठला नॉब कमी करू?

उत्तर : हात लावल्यावर कमी होतो हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. घरातल्या विजेची गुणगुण तुमचं अंग अँटेनासारखं उचलतं आणि पिकअपला देतं. तारांना हात लागला की तुम्ही स्वतःच अर्थला जोडले जाता आणि आडोसा बनता. म्हणून एवढं होणं साधारण आहे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल, किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर मात्र नॉब वगैरे काही नको : भिंतीतून प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. रावपुऱ्या-दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते, हे मी माझ्याच घरात पाहिलंय. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून अ‍ॅम्प चालवणारे महाभागही पाहिलेत. घूं थांबतो म्हणून अर्थ तोडायचा नाही, कधीही नाही. हातात लोखंडी तारा आहेत तुमच्या.

आता घूं कुठून येतो ते पकडा. गिटारची वायर अ‍ॅम्पमधून काढा (व्हॉल्यूम शून्यावर नेऊन) आणि पुन्हा वाढवा. तरीही घूं आहे? मग तो अ‍ॅम्पचा किंवा विजेचा. नाही? मग गिटार आजूबाजूचं काहीतरी उचलतेय. खुर्चीवर बसल्या-बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं जवळपास नाहीसा होईल. तिथेच बसून रियाज करा. माझी खुर्ची गेली कित्येक वर्षं खिडकीकडे पाठ करून आहे ती काही उन्हासाठी नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे शुद्ध ‘घूं’ तुमच्या सगळ्या सुरांच्या खाली असतो, बास थोडा कमी केल्याने तो दबतो. पण त्यावर ‘झर्रर्र’ अशी धार असेल तर गुन्हेगार दुसरे आहेत : गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, आणि लाइट गेल्यावर चालणारा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर. एकेक बंद करून पाहा. पंखा बंद करून वाजवायचं म्हणजे मे महिन्यात शिक्षाच, पण रेग्युलेटर पूर्ण पाचवर नेला तरी बहुधा झर्रर्र जाते.

आणि गिटारला तीन बारीक पिकअप असतील तर स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत ठेवून बघा. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो आणि त्याचं चुंबकही उलटं असतं, त्यामुळे जोडीने चालताना दोघांचा घूं एकमेकांना खातो आणि तारेचा आवाज मात्र शिल्लक राहतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेटोळी शेजारी बसवून हीच युक्ती एका पिकअपमध्ये केली. हमबकर म्हणतात तो हाच.

प्रश्न : मुलीसाठी अ‍ॅम्प घ्यायचाय. दुकानदार म्हणतो दहा वॅट अगदीच लहान, निदान चाळीस घ्या. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो.

उत्तर : दहा घ्या. वॅट दहापट झाले तेव्हा कुठे आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे चाळीस वॅटचा अ‍ॅम्प दहाच्या चौपट मोठा मुळीच वाजत नाही. वॅटपेक्षा मागे हेडफोनची जागा आहे का ते बघा आणि मिडलचा नॉब वेगळा आहे का ते बघा. उरलेल्या पैशांत चांगली वायर आणि ट्यूनर येईल. मुलीला दुकानात सोबत न्या, आणि गेन वाढवून दाखवणाऱ्या विक्रेत्याला तो कमी करायला सांगा.

प्रश्न : गिटारचा व्हॉल्यूम फिरवताना अ‍ॅम्पमधून खरखर येते. नॉबच्या फटीत थोडं खोबरेल तेल सोडलं तर चालेल का?

उत्तर : नाही हो! आत धूळ आणि गंज बसलाय, तेल सोडलंत की त्याचा चिखल होईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. वायर काढा, मागचं किंवा पुढचं झाकण उघडून नॉबच्या खालच्या डबीच्या फटीत एकच फवारा मारा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. पंधरा मिनिटं वाळू द्या. तरी खरखर राहिली तर ती डबीच बदलायची. फार खर्चाचं काम नाही.